अर्ध्या शक्तीचा नेम

लातूर जिल्ह्यातील मुरुडवरून आज ब्रॉडगेजची गाडी धावते. परंतु लातूर, धाराशिव आणि सोलापूर या टापूतील वृद्धांच्या स्मरणात अद्याप अडीच फुटी रुळांवरून रमतगमत जाणारी बार्शी लाइट रेल्वेच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये निजामाच्या मुलखात लातूरला पोहोचली. हलक्या रुळांवरून भुसार मालाची पोती आणि वारकऱ्यांनी खच्चून भरलेले डबे वाहून न्यावयाचे, तर नुसते इंजिन बलाढ्य करून भागणार नाही, हे ओळखून कॅलथ्रॉपने असा दंडक घातला, की कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये आणि एकंदर ओझे सर्व आसांवर सारखे वाटले जावे. आरोग्याच्या बाबतीत आपण नेमके याच्या उलट वागतो. वर्षभराचा भार एकाच सोमवारावर लादतो आणि रूळ वाकला म्हणजे आपल्या आळसाला बोल लावून मोकळे होतो.

दिवाळीचा फराळ अंगाशी आला, की पहाटे चारला उठणे, शंभर सूर्यनमस्कार, साखर वर्ज्य आणि रात्रीचे जेवण बंद, अशी फर्माने एकाच दिवशी सुटतात, आणि देवदिवाळीपर्यंत त्यांपैकी एकाचाही अंमल शिल्लक राहत नाही. आपल्या प्राचीन वैद्यांची नजर याहून सौम्य होती. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येला वाहिला असून, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही बेताने करावा, असे तो बजावतो. निम्मी शक्ती खर्ची पडली हे ओळखावे कसे, याची खूण सुश्रुताने दिली आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला, की थांबावे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही आजच्या डॉक्टरांची कसोटी याच खुणेच्या जवळची आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावयास सांगते. हा आकडा पाच दिवसांवर वाटला, तर वाट्याला अवघा अर्धा तास येतो.

यावर कोणी म्हणेल, की निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले, ते काय अर्ध्या शक्तीच्या बळावर? आक्षेप रास्त आहे. तथापि मल्लाचा खुराक आणि मल्लाची मेहनत हे संसारी माणसाचे माप नव्हे. शिवाय तालमीत नव्या पोराच्या हाती वस्ताद प्रथम फावडे देतो. हौद्याची तांबडी माती वरखाली करता करता त्याचे खांदे तयार होतात, आणि जोर-बैठकांची संख्या त्यानंतर हळूहळू चढत जाते.

हलका भार वर्षानुवर्षे वाहावा असे वाटण्यास मात्र आनंदाची जोड लागते, आणि तिचा उत्तम नमुना दिवाळीच्या आगेमागे या भागातल्या गावोगावी पाहावयास मिळतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालणारा काकडा हा वरकरणी भक्तीचा सोहळा. पण त्याची रचना आरोग्याच्या दृष्टीने न्याहाळावी. उजाडण्यापूर्वी मारुतीच्या देवळात कानटोप्या आणि शाली जमू लागतात. एखादी आजी पदराआड निरांजन सांभाळीत येते. मृदंगावर थाप पडते आणि भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी असा ठरलेला क्रम सुरू झाला, म्हणजे पेंगुळलेली पोरेही टाळ सावरून बसतात. पहाटेचे उठणे, स्नान, देवळापर्यंतची चाल आणि मोकळ्या कंठाने गाताना आपोआप दीर्घ होणारा श्वास, एवढे सगळे पदरात पडते आणि व्यायाम केल्याची जाणीवही होत नाही. हजेरीपट कोणी ठेवीत नाही, तरी एक दिवस चुकलेल्या गड्याला दुसऱ्या पहाटे, ‘काल का आला न्हाईस, बरं हाय ना?’ असे विचारणारा भेटतोच. या चौकशीत तगादा नसतो, माया असते, म्हणूनच माणूस पुन्हा येतो. महिन्याची मुदत, सोबतीची माणसे, सूर आणि शेवटी प्रसाद, इतकी तजवीज असल्यावर मनाला दटावण्याचे कारणच उरत नाही.

चुकलेल्या दिवसाविषयी आधुनिक संशोधनही असेच उदार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची वा व्यायामाची एकेक नवी गोष्ट, न्याहारीनंतर किंवा अशाच एखाद्या नित्याच्या प्रसंगाला जोडून, रोज करावयास लावली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सवय अंगवळणी पडण्याचा मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला, मात्र माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत तफावत आढळली. आणि मध्येच एखादा दिवस हुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा सोयाबीनच्या राशीच्या धांदलीत चार दिवस फिरणे राहिले, तर नेम मोडला असे समजून दप्तर गुंडाळण्याचे प्रयोजन नाही.

येथे एक भान मात्र अवश्य ठेवावे. ज्या बाईचा दिवस पाणी भरण्यात, खुरपण्यात आणि चुलीपुढे सरतो, तिला पायी फिरण्याचा उपदेश करणे ही थट्टा होय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून, पहिल्या खेपेत पाच लाख लिटर, असे पाणी लातूरला आणावे लागले, त्या काळात टँकरची वेळ हीच असंख्य घरांची दिनचर्या झाली होती. अशा घरांत विसावा हाच आरोग्याचा नेम ठरतो. दुपारची अर्धी घटका तिला कोणी हाक मारू नये, एवढा बंदोबस्त घरच्यांनी केला, तरी ती मोठीच सुधारणा म्हणावी लागेल.

प्रारंभासाठी साहित्य घरातच आहे. नरकचतुर्दशीला आपण हौसेने जे अभ्यंग करतो, ते वाग्भटाने नित्याचे सांगितले आहे, आणि त्यातही डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष पुरविण्यास सांगितले आहे. सर्वांगाला सवड नसेल, तर निजताना तळपायांना तेल चोळण्यास दोन मिनिटे पुरतात. रात्रीच्या जेवणानंतर भ्रमणध्वनी घरी ठेवून शतपावली घालावी, आणि ती शेजाऱ्याबरोबर घालावी. ताटात शाळूची भाकरी आणि तुरीचे वरण असताना परदेशी धान्याचे डबे धुंडाळण्याची गरज नाही. वेळा अमावस्येला सारे गणगोत शेतात जमवून भज्जी आणि आंबील यांचा जो पोटभर आनंद आपण घेतो, त्याला पथ्याच्या नावाखाली कात्री लावू नये.

जुनी खोड सोडावयाची, तर चरकाचा सल्ला व्यवहार्य आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तो सांगतो, की अहितकर सवय चौथ्या हिश्शाने कमी करावी, तेवढ्याच मापाने हितकर सवय वाढवावी, आणि पुढचा प्रत्येक टप्पा अधिकाधिक दिवसांच्या अंतराने घ्यावा. दिवसाकाठी चार चमचे साखर चहात जात असेल, तर आधी एकच चमचा कमी करावा, जीभ रुळली म्हणजे दुसरा. ज्यांना मधुमेहादी विकार आहेत, त्यांनी अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. क्रमाने सोडलेले दोष परतून येत नाहीत आणि क्रमाने जोडलेले गुण ढळत नाहीत, अशी ग्वाही चरक देतो. म्हणून या कार्तिकात एकच गोष्ट निवडावी, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावी, सोबतीला एक माणूस घ्यावा, आणि दुसऱ्या गोष्टीचा विचार पहिली आवडू लागल्यावरच करावा.