व्यवहारभाषेचे अध्ययन : स्वरूप आणि व्यवसायक्षेत्रे

विद्यापीठांतील भाषाविभागांत साहित्याच्या अध्ययनाला जी प्रतिष्ठा आहे, ती व्यवहारभाषेच्या अध्ययनाला अद्याप लाभलेली नाही. ‘व्यावहारिक मराठी’ किंवा ‘प्रयोजनमूलक मराठी’ या नावांनी हा विषय अनेक अभ्यासक्रमांत आला खरा. परंतु अर्ज व पत्रे यांचे काही नमुने पाठ करणे म्हणजेच हा विषय, असा समज विद्यार्थ्यांत व क्वचित अध्यापकांतही आढळतो. या विषयाची खरी व्याप्ती कोणती आणि त्याच्या अध्ययनातून उपजीविकेची कोणती क्षेत्रे उपलब्ध होतात, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

जे लेखन वाचून वाचकाने काही कृती करावयाची असते किंवा निर्णय घ्यावयाचा असतो, त्या लेखनाची भाषा ती व्यवहारभाषा, अशी तिची स्थूल व्याख्या करता येईल. सूचना, अहवाल, इतिवृत्त, करारपत्र, माहितीपत्रक, औषधासोबतचे निवेदन, यंत्र वापरण्याच्या सूचना हे सर्व तिच्या कक्षेत येते. कवितेचा अर्थ वाचकागणिक पालटला, तर कविता उणी होत नाही, उलट समृद्ध होते. सूचनापत्राचा अर्थ वाचकागणिक पालटला, तर मात्र त्याचे प्रयोजनच नष्ट होते. या दोन प्रकारच्या लेखनांतील मुख्य भेद हाच होय.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील दहावा अध्याय राजशासनाच्या लेखनालाच वाहिलेला आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे लेखनाचे सहा गुण तेथे सांगितले आहेत. मुख्य गोष्ट प्रथम मांडणे म्हणजे अर्थक्रम. मागील विधानाला पुढील विधानाने बाध न आणणे म्हणजे संबंध. काही उणे न ठेवणे व काही अधिक न लिहिणे म्हणजे परिपूर्णता. आणि रूढ शब्दांचा प्रयोग म्हणजे स्पष्टत्व. व्याघात, पुनरुक्त, अपशब्द इत्यादी दोषही तेथे गणले आहेत. आजच्या कोणत्याही कार्यालयीन लेखनाचे परीक्षण याच निकषांवर करता येते.

मराठीतही या परंपरेचा धागा दिसतो. पत्रलेखनाचे संकेत सांगणारी ‘मेस्तके’ हेमाद्रीच्या नावावर प्रसिद्ध आहेत. शिवकालात, १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत एक लेखनवर्गही आहे. फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय देणे हा त्या कोशाचा हेतू होता. त्यांतील काही शब्द पुढे रुळले. परंतु अर्ज, दाखला, नकल, मुदत, हप्ता हे शब्द आजही मराठी माणसाच्या तोंडी आहेत. शब्द घडविणे हे विद्वानाचे काम असले, तरी तो रूढ करणे वा न करणे हे लोकांच्या हाती असते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान दिले. पदनामांचे, शासनव्यवहाराचे आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश पुढे क्रमाने सिद्ध झाले. शब्दांची मोठी उणीव त्यामुळे भरून निघाली. तथापि शब्द उपलब्ध झाले म्हणजे लेखन सुबोध होते, असे नाही.

उदाहरणादाखल पुढील धर्तीचे वाक्य घ्यावे : ‘सदर अर्जाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत न केल्यास आपला अर्ज निकाली काढण्यात येईल.’ हे पत्र अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या एखाद्या निराधार वृद्धेच्या हाती पडले, अशी कल्पना करावी. या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. प्रत्येक शब्द कोशात सापडेल. परंतु कोणते कागद द्यावयाचे, किती तारखेपर्यंत आणि कोठे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. शिवाय ‘निकाली काढणे’ याचा कार्यालयातील अर्थ प्रकरण बंद करणे असा असला, तरी ‘आपल्या अर्जाचा निकाल लागणार आहे’ असा आशादायक अर्थ ती वृद्धा घेऊ शकेल. ती स्वस्थ बसेल आणि हक्काच्या अनुदानाला मुकेल.

हेच पत्र असे लिहिता येईल : ‘आपल्या अर्जासोबत वयाचा दाखला जोडलेला नाही. तो ३० जूनपर्यंत तहसील कार्यालयात द्यावा. तोपर्यंत दाखला न मिळाल्यास अर्ज नामंजूर होईल.’ येथे मुख्य गोष्ट आरंभी आली, उणीव राहिली नाही आणि शब्द रूढ आहेत. पहिल्या पत्रातील दोष शब्दसंपत्तीचा नसून वाचकाच्या विस्मरणाचा आहे. ‘कळविण्यात येते’, ‘काढण्यात येईल’ अशा कर्ता झाकणाऱ्या रचनांमुळे निर्णय कोणाचा व दाद कोणाकडे मागावयाची, हेही अंधारात राहते.

यावरून अध्ययनाची दिशा निश्चित होते. लेखनाचा वाचक कोण, त्याला आधी काय ठाऊक आहे आणि वाचल्यानंतर त्याने काय करावयाचे आहे, हे ठरविणे ही पहिली पायरी होय. आशयाची निवड व मांडणी ही दुसरी. वाक्यरचना आणि परिभाषेचा विवेक ही तिसरी. चौथी पायरी बहुधा वगळली जाते. ती म्हणजे परीक्षण. सिद्ध झालेला मजकूर ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांच्यापैकी काही जणांना वाचावयास द्यावा आणि ‘समजले काय?’ असे न विचारता ‘आता आपण काय कराल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला भिडेपोटी होकार मिळतो; दुसऱ्याचे उत्तर मात्र मजकुराची खरी कसोटी पाहते. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी या प्रकारचे परीक्षण हे विस्तीर्ण व जवळजवळ अस्पर्शित क्षेत्र आहे.

या अध्ययनातून कोणते व्यवसाय उपलब्ध होतात? प्रथम शासनसंस्थेचा उल्लेख केला पाहिजे. अधिनियम व नियम यांचा अनुवाद, विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तलेखन, विविध विभागांची प्रसिद्धी यांसाठी भाषाज्ञ लागतात. १९९८ मध्ये राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे अधिसूचित झाले. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीतून चालते. त्यामुळे खालच्या न्यायालयातील मराठी कागदपत्रे अपिलात जाताना त्यांच्या विश्वसनीय अनुवादाची आवश्यकता भासते. केंद्रीय कार्यालये व राष्ट्रीयीकृत बँका यांत १९६३ चा राजभाषा अधिनियम आणि १९७६ चे राजभाषा नियम यांमुळे अनुवादकांची व राजभाषा अधिकाऱ्यांची पदे निर्माण झाली. तथापि ती मुख्यतः हिंदी व इंग्रजी या भाषांच्या पदवीधरांसाठी असल्याने मराठीच्या विद्यार्थ्याने त्या भाषांची तयारी आरंभापासूनच ठेवली पाहिजे.

वैद्यकक्षेत्रातील मागणी अधिक जबाबदारीची आहे. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या व्यक्तीची संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेतली पाहिजे, असे २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम सांगतात. या संमतिपत्राचा मराठी अनुवाद पुष्कळदा दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करवून ताडून पाहिला जातो. या रीतीने शब्दांची चूक सापडते; परंतु शब्दशः अचूक व तरीही दुर्बोध असलेला अनुवाद तिच्यातून निसटू शकतो. संभाव्य अपायाचे वाक्य न कळता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. व्यवहारभाषेच्या अभ्यासकाचे काम येथे प्रत्यक्ष मनुष्याच्या जीविताशी निगडित होते.

वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, ग्रंथसंपादन ही क्षेत्रे सुपरिचित आहेत. त्यांच्या जोडीला संगणकीय उपयोजनांचे मराठीकरण, यंत्रे व विमायोजना यांची माहितीपत्रके आणि चित्रपटांची उपशीर्षके ही नवी कामे आली आहेत. यंत्राद्वारे होणाऱ्या अनुवादामुळे सामान्य अनुवादकाच्या कामावर संकट येत आहे, हे मान्य केले पाहिजे. यंत्र ओघवती वाक्ये रचते. परंतु ‘निकाली काढणे’ हा प्रयोग कोणासमोर करावा आणि कोणासमोर टाळावा, हे ठरवून त्या निर्णयाचे उत्तरदायित्व घेणारा मनुष्यच लागतो. म्हणून केवळ शब्दांतर जाणणाऱ्यापेक्षा एखाद्या विषयाचे ज्ञान असलेल्या आणि मजकुराचे परीक्षण करू शकणाऱ्या लेखकाला पुढील काळात अधिक वाव राहील. विधी, वैद्यक, अर्थव्यवहार अथवा कृषी यांपैकी एका तरी क्षेत्राचा सहाभ्यास त्यासाठी आवश्यक ठरतो.

या विषयामुळे साहित्याध्ययनाची हानी होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही; नियत तासिका एका विषयाला दिल्या की दुसऱ्याच्या कमी होतात. परंतु शब्दांच्या छटा, वाक्याचा तोल आणि परकायाप्रवेशाची शक्ती ही साहित्याच्या व्यासंगानेच अंगी येतात आणि अपरिचित वाचकाच्या जागी स्वतःला कल्पिण्यासाठी तीच उपयोगी पडतात. दोन्ही अध्ययने परस्परपूरक आहेत, ती याच अर्थाने.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. भाषेच्या प्राचीनतेचा हा गौरव यथोचितच होय. तथापि भाषेचे सामर्थ्य जसे तिच्या ग्रंथसंपदेवरून, तसेच तिच्यात लिहिलेली साधी सूचना सर्वसामान्य माणसाला कितपत उमगते, यावरूनही ठरते. ते सामर्थ्य वाढविणारे लेखक घडविणे आणि त्या कामातून त्यांना सन्मानाची उपजीविका मिळवून देणे, हे दुहेरी कार्य विद्यापीठीय भाषाविभागांसमोर आहे.