काहीही चालेल!

माझ्या फोनमध्ये ‘मुंबई फूड’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात साठ-सत्तर रील्स पडून आहेत आणि त्यातल्या निम्म्या जागी मी स्वतः पाऊलही ठेवलेलं नाही. तुमच्याकडेही असा फोल्डर असणारच. आणि ‘हिला सगळं माहीत असतं’ अशी घरात एकदा ख्याती झाली की पुढे काय होतं, हेही तुम्हाला ठाऊक असेल. घरात कोणीही कुठेही निघालं की ‘कुठे खायचं’ हे खातं आपोआप आपल्याकडे येतं.

गेल्या डिसेंबरात सांगलीत माझ्या मावसबहिणीचं, ताईचं लग्न झालं. रविवारी लग्न, सोमवारी सत्यनारायण, मंगळवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. दाजींना सुट्टी कमी, म्हणून केरळ पुढे ढकललं आणि तीन दिवस मुंबई ठरली. बुधवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, शुक्रवारी रात्री त्याच गाडीने परत. ‘तू मुंबईत शिकतेस ना, खाण्याचं तू बघ,’ असं ताई मांडवातच म्हणाली. मी रात्री जागून लिस्ट केली. चौदा ठिकाणं, प्रत्येकासमोर काय मागवायचं ते, शेवटी एक हार्ट इमोजी.

बुधवारी रात्री अकराला ताईचा फोन आला. दोघं फोर्टमधल्या हॉटेलच्या खोलीत बसून रुखवताचे लाडू आणि चिवडा खात होते. हौस म्हणून नाही. जेवायलाच मिळालं नव्हतं.

झालं असं. माझ्या लिस्टमध्ये त्या रात्रीसाठी वांद्र्याचं एक तुफान व्हायरल ठिकाण होतं. दोघं संध्याकाळी साडेसहाला चर्चगेटहून निघाले. त्या वेळच्या पश्चिम रेल्वेची गर्दी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. हातभर हिरवा चुडा, मेहंदी अजून ताजी, आणि ताई लेडीज डब्यात एकटी उभी. दाजी मागच्या डब्यात. हनिमूनच्या पहिल्या संध्याकाळी नवरा-बायको वेगवेगळ्या डब्यांत, ही माझी कृपा. पोचल्यावर कळलं की टेबल आधी बुक होत नाही, नाव लिहून थांबायचं. सव्वा तास थांबले. आत गेले तर मेन्यूत दाजींच्या कामाचं फ्राइज सोडून काहीच नव्हतं.

कारण दाजी माळकरी. घरात तीन पिढ्यांची वारी, अंडंही चालत नाही. आणि ताई? ती रविवारच्या मटणाच्या रश्शावर वाढलेली. हे मला माहीत नव्हतं का? होतं! साखरपुड्यात यावरच तर सगळ्यांनी ताईला चिडवलं होतं. पण लिस्ट करताना माझ्या डोळ्यांसमोर ते दोघं नव्हते, माझा फोल्डर होता.

माझी खरी चूक मला दुसऱ्या एका गोष्टीने कळली. बुधवारी सकाळी गाडीतून उतरून ते धोबीतलावच्या कयानीत गेले होते. सीएसएमटीपासून पंधरा मिनिटं चालत. 1904 सालचा इराणी, जुनी लाकडी टेबलं-खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. इराणमधून आलेल्या झोराष्ट्रियन मंडळींनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर असे कॅफे थाटले, आता मोजकेच उरलेत, म्हणून ते लिस्टमध्ये पहिलं. दाजींनी बन मस्का-चहा घेतला. मावा केकही मागवणार होते. त्यात अंडं असतं हे ताईनेच वेळेवर सांगितलं. (मी लिहिलं नव्हतं.) शेजारच्या टेबलावर अकुरी आली, म्हणजे पारशी पद्धतीची मसालेदार अंडाभुर्जी. ताईची नजर तिकडे. दाजींनी विचारलं, ‘तुला काय हवं?’ ताई म्हणाली, ‘काहीही चालेल.’ आणि तिनेही बन मस्काच घेतला.

दुपारी माटुंग्यात तोच प्रश्न, तेच उत्तर. तिथे ते खपून गेलं, कारण स्टेशनसमोरच्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये प्रश्नाला जागाच नाही. 1942 पासून चालू असलेली ही खाणावळ, जिना चढून वर जायचं, पुढ्यात केळीचं पान, वाढपी येत राहतो, रसम संपायच्या आत पुन्हा रसम. दोघं पोटभर जेवले. रात्री वांद्र्यात तिसऱ्यांदा ‘काहीही चालेल’ झालं आणि दाजी चिडले. चिडले म्हणजे गप्प झाले. ताई म्हणते ते जास्त वाईट.

आता तुम्ही म्हणाल, आमचं लग्न अजून पाच-सात वर्षं लांब आहे, हे आम्हाला कशाला? पण ‘काहीही चालेल’ हे वाक्य तुम्ही गेल्या आठवड्यात किती वेळा बोललात, ते आठवा. कॅन्टीनमध्ये, पहिल्या डेटवर, ग्रुपच्या गोवा ट्रिपमध्ये. आपल्याला वाटतं हा समजूतदारपणा आहे. समोरच्याला मात्र सगळी निवड एकट्यानेच करावी लागते आणि फसली की दोषही त्याचाच. ताईच्या बाबतीत त्याच्या तळाशी भीती होती. माळकरी नवऱ्यासमोर तिसऱ्याच दिवशी मटण मागवलं तर काय वाटेल? उलट दाजींना वाटत होतं, हिला माझ्यासोबत जेवायचंच नाही की काय!

त्या रात्री फोनवर मी लिस्ट रद्द केली आणि आधी जे करायला हवं होतं ते केलं. हिशोब. तीन दिवस म्हणजे नऊ वेळा खाणं. त्यातले दोन नाश्ते खोलीच्या भाड्यात, शेवटचं जेवण गाडीत. राहिली सहा. सहासाठी मी चौदा ठिकाणं दिली होती! बुधवारची तीन गेली, उरली तीन. मग नकाशा उघडला आणि सीएसएमटीपासून चालत किंवा छोट्या टॅक्सीने पोचता येईल तेवढंच ठेवलं. दोन-तीन दिवसांच्या सहलीत दिवसातून एकदाच लांब जावं, तेही गर्दीची वेळ टाळून, असं आता माझं ठाम मत आहे. फोर्ट, काळबादेवी, बॅलार्ड इस्टेट, कुलाबा एवढ्यात खाण्यासारखं इतकं आहे की आठवडाही पुरणार नाही.

मग वार पाहिले. गुरुवारी ताई नॉनव्हेज खात नाही, म्हणून गुरुवार दुपार दाजींची आणि शुक्रवार दुपार ताईची. नियम एकच, ज्याची पाळी त्याने न विचारता ठरवायचं आणि दुसऱ्याने ‘नको’ म्हणायचं नाही. मात्र दुसऱ्याने जेवलंच पाहिजे अशी सक्ती नाही. सोबत बसायचं, एवढंच.

वारांची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. फोर्ट-बॅलार्ड इस्टेट हा ऑफिसांचा भाग. तिथली बरीच खाण्याची ठिकाणं ऑफिसच्या माणसांवर चालतात, त्यामुळे रविवारी गेलात तर गल्ल्या ओस आणि शटर खाली. ऑफिसच्या दिवशी एक ते दोन तुडुंब गर्दी. दार उघडताच जा नाहीतर अडीचनंतर. जुन्या ठिकाणांचे सुट्टीचे वारही एकसारखे नसतात. निघण्याआधी एक फोन करा. नेटवरची वेळ दरवेळी खरी असतेच असं नाही, हे मी दोनदा बंद दारासमोर उभी राहून शिकले आहे.

गुरुवारी दुपारी दाजींनी काळबादेवीतलं श्री ठाकर भोजनालय निवडलं. 1945 पासूनची गुजराती थाळी, दादीशेठ अग्यारी गल्लीत, वरच्या मजल्यावर. पातळ रोटल्या तुपात न्हालेल्या, फरसाण, कढी, आणि ‘बस’ म्हणेपर्यंत वाढणं. अशा अमर्याद थाळीत दोघांत एक घेऊन चालत नाही, माणशी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे आदल्या वेळी हलकं खाऊन जावं. ताईने पाच रोटल्या खाल्ल्या. दाजींनी मोजल्या, हे तिला आवडलं की नाही ते तिलाच अजून ठरवता येत नाही.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर चालले आणि चर्चगेटला के. रुस्तममध्ये आइस्क्रीम घेतलं. 1953 सालचं दुकान, दोन पातळ वेफर बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी. तुम्ही चर्चगेटजवळच्या कॉलेजात असाल तर हे वाचून हसाल, पण सांगलीहून आलेल्या दोघांसाठी ते जेवणापेक्षा भारी होतं. वितळायच्या आत खावं लागतं, त्यामुळे फोटो काढायला वेळ मिळत नाही.

इथे पैशांबद्दल थोडं. नव्या बायकोसमोर किंवा नव्या मित्रासमोर बिल तपासायची आपल्याला लाज वाटते. तपासा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के असतो. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना कायम ठेवल्या. ‘हा काढा’ असं नीट शब्दांत सांगता येतं. टीप द्यायची तर ती वाढणाऱ्याच्या हातात द्या.

शुक्रवारी ताईची पाळी. तिने बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया निवडलं. मी सुचवलेल्या तीनांतलं एक, पण निवड तिची. 1923 सालचं, उंच छत, भिंतींवर काळाचे डाग तसेच. इथला बेरी पुलाव म्हणजे इराणहून येणाऱ्या बारीक आंबट बेरी घातलेला भात, खाली मटण. मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलांपाशी येऊन ऑर्डर घेत. 2019 मध्ये ते गेले. भाज्यांचा बेरी पुलावही मिळतो, पण एकाच स्वयंपाकघरातलं दाजींना नको होतं आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. त्यांनी हॉटेलवर उशिरा दाबून नाश्ता केला होता. इथे फक्त रासबेरी सोडा घेतला.

ताई सांगते, पहिले दोन घास तिच्या घशाखाली उतरेनात. ती खाली मान घालून खात होती. दाजी म्हणाले, ‘सावकाश खा, गाडी रात्रीची आहे.’ मग त्यांनी त्या बेरी कशा लागतात ते विचारलं आणि ती सांगत बसली. भात भरपूर होता, एकटीला संपला नाही. उरलेला बांधून घ्यायचा का, असं वाढप्याने विचारलं तेव्हा ‘घ्या’ म्हणाले ते दाजीच.

परवा वर्गातला एक मित्र आला. त्याचा भाऊ पुढच्या महिन्यात बायकोसोबत दोन दिवस हैदराबादला चाललाय, लिस्ट हवी होती. मी विचारलं, ‘दोघं काय खातात?’

‘काहीही चालतं त्यांना.’

त्याला परत पाठवलंय, आधी विचारून ये म्हणून.