विश्लेषण : जुनी पिकअप ‘चालवूच नका’ असे फोर्डने का सांगितले? वीस वर्षे जुन्या गाडीचे ‘रिकॉल’ मालकापर्यंत का पोहोचत नाही?

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात २२ डिसेंबर २०१५ रोजी एक पिकअप रस्त्यात आलेल्या गायीला धडकली आणि पुढे कुंपणावर जाऊन आदळली. एअरबॅग उघडली, पण चालकाचा जीव गेला तो त्याच एअरबॅगमधून सुटलेल्या धातूच्या तुकड्यामुळे. गाडी होती २००६ ची फोर्ड रेंजर. दीड वर्षाने, जुलै २०१७ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियात आणखी एक चालक अशाच प्रकारे दगावला. ती गाडीही २००६ ची रेंजरच होती. दोन्ही गाड्यांच्या स्टेअरिंगमधील एअरबॅगचे इन्फ्लेटर एकाच दिवशी तयार झाले होते, हे नंतर समोर आले.

त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये फोर्डने सुमारे २,९०० रेंजर मालकांना गाडी चालवणे ताबडतोब थांबवा, असे सांगितले. फेब्रुवारीत या यादीत आणखी सुमारे ३३ हजार गाड्यांची भर पडली. गाडी घरून टो करून नेऊ किंवा मेकॅनिक घरी पाठवू, तोपर्यंत वापरायला दुसरी गाडी देऊ, सगळे मोफत, अशी कंपनीची तयारी होती. वाहन कंपन्या ‘सावकाश सर्व्हिस सेंटरला या’ असे नेहमीच सांगतात. ‘गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या’ असे मात्र क्वचितच सांगितले जाते.

एअरबॅगमध्ये नेमके बिघडते काय?

एअरबॅग हवेने फुगवली जात नाही. तिच्या मागे इन्फ्लेटर नावाची पोलादी डबी असते आणि त्या डबीत रसायनाच्या दाबून बनवलेल्या गोळ्या असतात. धडक बसली की सेन्सर ठिणगी देतो, गोळ्या जळतात आणि तयार झालेला वायू पापणी लवायच्या आत पिशवी भरतो. म्हणजे स्टेअरिंगच्या मधोमध एक छोटा, नियंत्रित स्फोट होतो. सगळा भरवसा त्या ‘नियंत्रित’ या शब्दावर आहे.

जपानच्या टकाटा कंपनीने या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. खत म्हणून आणि खाणीतील सुरुंगांसाठी वापरले जाणारे हे रसायन स्वस्त असते. अडचण अशी, की साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि त्याबरोबर आकारमानही बदलते. उन्हात उभी केलेली गाडी दिवसा तापते, रात्री गार होते. हे रोज, वर्षानुवर्षे होत राहते. त्यात हवेतील दमटपणा शिरला, की घट्ट दाबलेली गोळी हळूहळू भुसभुशीत होत जाते.

लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, भुसा मात्र भडकतो. इथेही तेच होते. भुगा झालेली गोळी अपेक्षेपेक्षा फार वेगाने जळते, दाब डबीच्या क्षमतेपलीकडे जातो, डबीच फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून थेट माणसाच्या गळ्या-चेहऱ्याकडे येतात.

यात वय हा मोठा घटक आहे. २००६ ची गाडी २००८ मध्ये धडकली असती तर बहुधा एअरबॅग नीट उघडली असती. तीच गाडी दहा-अकरा वर्षांची झाल्यावर धोकादायक ठरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने म्हणूनच देशाचे हवामानानुसार विभाग पाडले आणि फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट राज्यांना आधी प्राधान्य दिले. अमेरिकेत या दोषामुळे किमान २८ जणांचा मृत्यू झाला आणि ४०० हून अधिक जण जखमी झाले. तिथे परत बोलावलेल्या इन्फ्लेटरची संख्या सुमारे ६ कोटी ७० लाख आहे. चाचण्यांची आकडेवारी फिरवल्याच्या प्रकरणात टकाटाने जानेवारी २०१७ मध्ये गुन्हा कबूल करण्याची तयारी दाखवली. १ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

रिकॉल आधीच झाले होते, मग दुसरा मृत्यू कसा झाला?

साउथ कॅरोलिनातील मृत्यूनंतर लगेच, जानेवारी २०१६ मध्ये, फोर्डने २००४ ते २००६ या वर्षांतील सुमारे ३ लाख ९१ हजार रेंजरच्या चालकाकडील एअरबॅग परत बोलावल्या. वेस्ट व्हर्जिनियातील गाडी या रिकॉलमध्ये होती. तिची दुरुस्ती मात्र झालेली नव्हती. दोष माहीत होता, दुरुस्ती फुकट होती, तरी जुना इन्फ्लेटर स्टेअरिंगमध्येच राहिला.

अमेरिकेत रिकॉलची सूचना नोंदणीत असलेल्या मालकाला टपालाने जाते. नवी गाडी असेल तर हे सोपे असते, कारण मालक एकच असतो आणि तो सर्व्हिसिंगलाही अधिकृत केंद्रातच जातो. दहा-बारा वर्षांची पिकअप तोवर तिसऱ्या किंवा चौथ्या हाताला गेलेली असते. पत्ते बदललेले असतात. दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये होते आणि तिथला मेकॅनिक रिकॉलची यादी पाहत बसत नाही. पत्र मिळाले तरी ते जाहिरातीच्या कागदांबरोबर कचऱ्यात जाते, किंवा ‘गाडी तर मस्त चालतेय’ म्हणून बाजूला पडते.

कायद्यातही फट आहे. अमेरिकेत नवी गाडी रिकॉलची दुरुस्ती बाकी असताना विकता येत नाही. मोठ्या भाडेगाडी कंपन्यांनाही २०१५ च्या कायद्यानंतर तशी गाडी भाड्याने देता येत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवर मात्र केंद्रीय पातळीवर असे बंधन नाही. म्हणजे ज्या गाड्यांत धोका वयाबरोबर वाढतो, त्यांच्याच बाजारात नियम सर्वात सैल आहेत.

दुरुस्ती झाली म्हणजे विषय संपला असेही नाही. २०२३ च्या सुरुवातीला फोर्डने २००४ ते २००६ च्या सुमारे ९८ हजार रेंजर पुन्हा बोलावल्या. आधीच्या रिकॉलमध्ये शेजारच्या सीटसमोर बसवलेले नवे इन्फ्लेटर चुकीच्या पद्धतीने बसवले गेले असावेत, अशी शंका होती. त्यामुळे ‘माझे काम झाले आहे’ असे म्हणणाऱ्या मालकालाही गाडीचा नंबर पुन्हा तपासावा लागला.

बंद गाडीला आग लागण्याचे प्रकरण काय होते?

फोर्डच्या जुन्या पिकअपच्या इतिहासात एअरबॅगच्या आधी एक मोठे प्रकरण होऊन गेले आहे. क्रूझ कंट्रोल लावलेले असताना ब्रेक दाबला की ते आपोआप सुटावे, यासाठी एक छोटा स्विच असे. त्याच्या एका बाजूला ब्रेक ऑइल आणि दुसऱ्या बाजूला वीजप्रवाह, मध्ये फक्त पातळ पडदा. वर्षांनुवर्षांच्या दाबाने पडद्याला चीर पडली की ऑइल विजेच्या बाजूला झिरपे आणि स्विच तापून पेट घेई. अनेक मॉडेलमध्ये हा स्विच चावी काढल्यावरही बॅटरीला जोडलेला राहत असे. त्यामुळे रात्री अंगणात किंवा गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पेटल्या आणि काही ठिकाणी घरेही.

हे रिकॉल १९९९ पासून टप्प्याटप्प्याने वाढत गेले. २००९ च्या टप्प्यात ४५ लाख गाड्यांची भर पडून एकूण आकडा सुमारे १ कोटी ४० लाखांवर गेला. त्यात एफ-१५० होती, तशी रेंजरची काही वर्षांची मॉडेलही होती. उपाय होता एक छोटी फ्यूज असलेली वायर मध्ये जोडणे. काम तासाभराचेही नाही.

प्रत्येक ‘कॉमन प्रॉब्लेम’चे रिकॉल का होत नाही?

जुन्या रेंजरच्या मालकांना विचारले तर ते एअरबॅगपेक्षा वेगळ्याच तक्रारी सांगतील. ४.० लिटर इंजिनात टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजून तुटतात आणि थंड इंजिन सुरू करताना खडखड आवाज येतो. मागच्या बाजूच्या चेनपर्यंत पोहोचायला इंजिन उतरवावे लागते, त्यामुळे खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. ३.० लिटर इंजिनात कॅमशाफ्ट सिंक्रोनायझर नावाचा भाग कोरडा पडून चिवचिवतो. हाच भाग ऑइल पंपही फिरवतो, त्यामुळे तो जाम झाला तर इंजिनाचे तेल थांबते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल गंजून तुटतात.

यापैकी पहिल्या दोन तक्रारी खर्चिक आहेत, पण कायद्याच्या भाषेत तो टिकाऊपणाचा प्रश्न आहे. रिकॉल होते ते सुरक्षेला अवास्तव धोका निर्माण करणाऱ्या दोषासाठी, किंवा गाडी सुरक्षा मानकात बसत नसेल तर. गंजाचा मुद्दा मात्र या दोन्हींच्या मधोमध अडकतो. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपची चेसिसच गंजून भोके पडू लागली, तेव्हा सुरुवातीला कंपनीने वाढीव वॉरंटी आणि काही गाड्या परत विकत घेणे असा मार्ग काढला. २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली, तीही मालकांनी केलेल्या दाव्यातून.

आणखी एक मर्यादा वयाची आहे. अमेरिकेत गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंतच मोफत दुरुस्तीची कायदेशीर सक्ती असते. २०१५ पर्यंत ती १० वर्षेच होती. टकाटा एअरबॅग मात्र या मुदतीनंतरही मोफत बदलून दिल्या जात आहेत.

भारतात नियम काय सांगतो?

अमेरिकेत विकली गेलेली रेंजर भारतात आली नाही. मात्र भारतातील जुनी एंडेव्हर फोर्डच्या दुसऱ्या, आशियाई बाजारातील रेंजर पिकअपवर बेतलेली होती. जुलै २०१९ मध्ये फोर्ड इंडियाने फेब्रुवारी २००४ ते सप्टेंबर २०१४ दरम्यान चेन्नईत बनलेल्या २२,६९० एंडेव्हर समोरच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर तपासण्यासाठी बोलावल्या. यातील सर्वात जुन्या गाड्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. होंडा कार्स इंडियानेही टकाटा इन्फ्लेटरसाठी अनेक टप्प्यांत गाड्या बोलावल्या. जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४ गाड्यांची घोषणा झाली. आपल्यासारखेच उष्ण-दमट हवामान असलेल्या मलेशियात या दोषाने बळी गेले आहेत. मुंबई, कोकण आणि गोव्यातील जुन्या गाड्यांच्या मालकांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची ऐच्छिक रिकॉल संहिता होती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०-अ आणले आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा अधिकार मिळाला. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर चौकशी होते आणि कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही सक्ती सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरतीच आहे.

साउथ कॅरोलिनातील रेंजर अपघातावेळी दहाच्या आसपास वर्षांची होती, वेस्ट व्हर्जिनियातील अकराच्या. आपल्या नियमाच्या चौकटीत या दोन्ही गाड्या बसल्या नसत्या. जुन्या गाडीसाठी भारतात कंपनीच्या स्वेच्छेवरच अवलंबून राहावे लागते. कंपन्या ती दाखवत नाहीत असे नाही. एंडेव्हरचेच उदाहरण आहे. महिंद्रने २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप द्रवाचा एक पाइप बदलण्यासाठी स्वतःहून बोलावल्या, पण त्या जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मधल्या, म्हणजे जवळपास नव्या गाड्या होत्या.

जुनी पिकअप घेताना काय तपासता येते?

गाडीचा १७ अंकी-अक्षरी चेसिस नंबर आरसीवर असतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की रिकॉल बाकी आहे का, हे कळते. कंपनीने भारतातील उत्पादन बंद केले असले, तरी ग्राहक सेवा क्रमांकावर विचारता येते. आरसी नावावर करून घेतली म्हणजे कंपनीच्या नोंदीतही आपला मोबाइल नंबर गेला असे होत नाही. तिथे पहिल्या मालकाचाच नंबर राहतो आणि रिकॉलचा मेसेज त्यालाच जातो. अधिकृत केंद्रात एकदा जाऊन नंबर बदलून घेतला की हा प्रश्न सुटतो.

डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागलाच नाही तर कोणी तरी वायर काढलेली असू शकते. पण दिवा नीट लागून विझला, तरी त्यातून टकाटाचा दोष कळत नाही. तो दिवा फक्त विजेचे सर्किट तपासतो, डबीतील गोळ्यांची अवस्था त्याला दिसत नाही.

अपघात झालेल्या गाडीत भंगारातील एअरबॅग बसवलेली असेल तर चेसिस नंबरही उपयोगाचा नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत लास वेगासजवळ एका २००२ च्या होंडा अकॉर्डमधील एअरबॅग फुटून तरुणी गंभीर जखमी झाली. तिच्या गाडीच्या नंबरावर कोणतेही रिकॉल बाकी दिसत नव्हते. आतली एअरबॅग २००१ च्या, रिकॉल झालेल्या दुसऱ्याच गाडीतून काढलेली होती.