जॉइन करण्याआधी अनाथ ओळी मोजा

मोठ्या साइटचा डेटा संशोधनासाठी घेताय? मग त्यात फॉरेन की आहेच, असं धरून चालू नका. फॉरेन की असली की मूळ नोंद नसलेली ओळ डेटाबेस आत घेतच नाही. पण टेबल अनेक सर्व्हरवर विभागलं की ही तपासणी महाग पडते, म्हणून बऱ्याच साइट ती प्रोग्रामवर सोपवतात. (मायएसक्यूएलचं मायआयसॅम इंजिन तर फॉरेन की लिहू देतं आणि गुपचूप दुर्लक्ष करतं!)

माझ्या पहिल्या विश्लेषणात इनर जॉइनने अशा अनाथ ओळी न सांगता गाळल्या. दोन आठवडे वाया गेले. आता मी आधी लेफ्ट जॉइन लावते आणि उजवीकडे नल आलेल्या ओळी मोजते. त्या लगेच पुसू मात्र नका. विकिपीडियावरचा लाल दुवा अजून न लिहिलेल्या लेखाकडेच जातो, ती चूक नव्हे.