चिखलदऱ्याला जाल, तर मोथ्याला थांबा

परतवाडा मागे पडला की सातपुड्याची वळणं सुरू होतात आणि वऱ्हाडातला उकाडा दर वळणावर थोडा थोडा गळून पडतो. चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर. विदर्भाचं महाबळेश्वर वगैरे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, हेही सगळ्यांना पाठ आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, हे मात्र अमरावतीकरांनाही सांगावं लागतं.

पावसाळ्यातल्या रविवारी पॉइंटांवर माणसांपेक्षा छत्र्या जास्त. दरी धुक्यात बुडालेली, तरी सेल्फी चालूच. देवी पॉइंटला कातळाखालच्या देवीवर वरून पाणी ठिबकत असतं, तिथे गर्दीही जरा गप्प होते. साहस हवं असेल तर आमझरीला झिपलाईन आहे, स्काय सायकलिंग आहे. गोराघाट ते हरिकेन पॉइंट या काचेच्या स्कायवॉकबद्दल मात्र इतकी वर्षं ऐकतोय, की पर्यटक आता त्याच्या खांबांचेच फोटो काढू लागलेत.

माझ्या मते खरी पायपीट गाविलगडावर आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांकडून तो घेतला, पाठोपाठ देवगावचा तह झाला. बाकी इतिहास पाठ्यपुस्तकांवर सोडू. शार्दूल दरवाजावरचा दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, मात्र थांबून बघावा. आत तलाव आहेत, गवतात पडलेल्या तोफा आहेत आणि त्यांच्याविषयी धड चार ओळी सांगणारा फलक शोधावा लागतो.

पण मी रमलो चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावात, एका गवळीबाबांच्या चुलीपाशी. लोखंडी कढईत म्हशीचं दूध, खाली लाकडाचा जाळ, हातात लांब दांड्याचा उलथणा. तळ सतत खरवडत राहायचं. दूध आटून कडेला साय धरू लागली, की ती पुन्हा आत लोटायची. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध जातं. मी गॅसचं विचारलं. "गॅसवर होते ना. पण गिऱ्हाईक वास घेते, मंग घेते," म्हणाले. जाळ वाढवून लवकर नाही का उरकत? "घाई केली त करपते, बाप्पा!" गरम खव्यावर साखर भुरभुरून त्यांनी पानावर दिला. डब्यातला खवा मला आता पूर्वीसारखा गोड लागणार नाही.

गाविलगडाचं नावच गवळ्यांवरून पडलं म्हणतात. बाबांना त्याचा मोठा अभिमान. चराईचा विषय निघाला तसा त्यांचा उलथणा जोरात फिरू लागला. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. वाघासाठी जंगल राखलं हे योग्यच झालं, पण म्हशी कुठे सोडायच्या हा प्रश्न गवळ्याच्या गोठ्यात आणि कोरकू आदिवासीच्या अंगणात अजून तसाच आहे. बाबांच्या धाकट्यानं म्हशींचा नाद सोडलाय, तो पर्यटकांची गाडी हाकतो. "त्याले विचारा सेमाडोहचं. वाघ दिसला का नाही, तोच सांगन."

धाकटा मेळघाटच्या जंगलात, सेमाडोहला गेलेला होता. निघताना बाबांनी बजावलं, पावसाळ्यात येऊ नका, डिसेंबरात या. गर्दी कमी असते, रस्ता कोरडा असतो, आणि येण्याच्या आदल्या दिवशी फोन केलात तर खवा बाजूला काढून ठेवता येतो.