चहाच्या पेल्यावरचा धर्मनिर्णय

ज्या धर्मपीठाजवळ शिपाई नाहीत आणि तुरुंगही नाही, त्याने वादाच्या प्रश्नावर दिलेला निर्णय लोकांच्या गळी उतरावा कसा, ही अडचण एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात वारंवार उभी राहिली, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पुण्याचे पंचहौद मिशन प्रकरण होय. एखाद्याच्या आचरणावरून जातीत तट पडून पंक्तिव्यवहार, म्हणजे एका पंगतीत जेवणे, आणि बेटीव्यवहार, म्हणजे सोयरीक, बंद होण्यापर्यंत जाणाऱ्या तंट्याला त्या काळी ग्रामण्य म्हणत. पेशवाईत अशा निवाड्यामागे राज्यसत्तेचे बळ असे. इंग्रजी अमलात ते गेले, कारण १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांपासून दूर ठेवले, तर १८५० च्या कायद्याने जातिबहिष्कृताचा वारसाहक्क सुरक्षित केला. वाळीत पडलेल्याचे घर किंवा शेत आता जात नसे. मात्र श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, मुंजीला भिक्षुक येत नसे आणि लेकीचे माहेरपण बंद होई, व हा जाच कोणत्याही कोर्टात सांगण्याजोगा नव्हता.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली, आणि कार्यक्रमानंतर त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे आली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, तसेच बाळ गंगाधर टिळकही होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला केवळ हातात धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी, सुधारक आणि सनातनी या दोघांचीही फजिती पाहण्याच्या हौसेने, उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि सनातनी पक्षाने संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांकडे फिर्याद नेली.

शंकराचार्यांपुढचा पेच साधा नव्हता. आरोपींना निर्दोष ठरवले तर पीठाला मानणारा वर्गच बिथरणार, आणि कायमचा बहिष्कार घातला तर शहरातील कर्ती माणसे पीठाच्या अधिकाराबाहेर निघून जाणार व ती आज्ञा कागदावरच राहणार. त्यांनी स्वतः तडकाफडकी निकाल न देता दोन शास्त्र्यांचा आयोग नेमून चौकशी करवली. त्याला परंपरेचा आधार होता, कारण संदिग्ध धर्मप्रश्नाचा निर्णय किमान दहा, किंवा निदान तीन, जाणत्यांच्या परिषदेने द्यावा असे मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. अर्थात येथे शास्त्री दोनच होते. पण चौकशीने वेळ मिळतो, आरोपीला बोलायला जागा मिळते आणि निर्णयाचे ओझे एकट्या गादीवर राहत नाही, हा व्यवहार गादीवर बसलेल्याला कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

निर्दोष ठरवणे आणि बहिष्कार घालणे यांच्या मधला मार्ग म्हणजे प्रायश्चित्त, आणि धर्मशास्त्राची खरी लवचीकता त्याच प्रकरणात दिसते. दोष जाणूनबुजून केला की अजाणता, यावर प्रायश्चित्ताचे वजन ठरते. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे व्रत उदाहरण म्हणून घ्यावे: पहिले तीन दिवस केवळ सकाळी जेवावे, पुढचे तीन केवळ संध्याकाळी, त्यापुढचे तीन न मागता मिळेल ते खावे आणि शेवटचे तीन निराहार राहावे. ज्याला हे झेपत नाही त्याच्यासाठी प्रत्याम्नाय, म्हणजे बदली विधी, सांगितलेला आहे: एक गाय दान द्यावी, किंवा गाईचे मूल्य द्यावे, अथवा दहा हजार गायत्रीजप करावा. दोष मान्य करूनही दोषी माणसाला पंगतीत परत घेण्याची ही सोय असल्यामुळे, तत्त्वाचा वाद तसाच ठेवून व्यवहाराचा वाद मिटवता येई.

टिळकांनी या सोयीचा वकिली थाटात उपयोग केला. चहापानाला शास्त्रात हलकेच प्रायश्चित्त आहे असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे त्यांनी पुढे मांडले. तरीही भिक्षुकांचा अडथळा त्यांना काही काळ सोसावाच लागला. रानड्यांनी १८९२ मध्ये, बहिष्काराने घरोघरी पोळलेल्या स्नेह्यांच्या आग्रहाखातर, प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांना ते मनातून पटले नव्हते, हे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकावरून कळते, आणि सुधारकांपैकी अनेकांना त्यात माघार दिसली. ती माघार होती यात शंका नाही; परंतु तिच्यामुळे पीठाची अब्रू राहिली, स्नेह्यांच्या घरातील कार्ये पार पडली आणि चहा पिणे पाप आहे काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर कोणालाच द्यावे लागले नाही.

याच पीठाने पुढच्या दशकात वेगळ्या दाबाखाली निर्णय दिला. कोल्हापुरात १८९९ पासून पेटलेल्या वेदोक्त प्रकरणात, म्हणजे छत्रपतींच्या घरचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की पुराणोक्त मंत्रांनी या वादात, शाहू महाराजांच्या हाती इनामे आणि वतने होती. त्यांनी राजोपाध्यांचे वतन काढून घेतले, मठाच्या उत्पन्नावर जप्ती आणली, आणि १९०५ मध्ये शंकराचार्यांनी महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. महाराजांचे समाधान मात्र तेवढ्याने झाले नाही. १९२० मध्ये त्यांनी मराठा समाजासाठी सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्र जगद्गुरू म्हणून स्वतंत्र गादीवर बसवले.