कळंबला आलात तर सुकेळी बघून जा

वसईजवळच्या कळंबला येणारा पाहुणा नालासोपाऱ्याला उतरतो, रिक्षा करतो, किनारा गाठतो आणि सूर्य बुडाला की परततो. वाटेतला सोपाऱ्याचा स्तूप राहून जातो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केले आणि दगडी पेटीतला अवशेषांचा करंडक बाहेर आला. निर्मळच्या टेकडीवरची एका शंकराचार्यांची समाधीही राहून जाते. पण माझ्या मते सगळ्यात मोठी चुकामूक होते ती सुकेळ्यांशी. राजोडी ओलांडून नंदाखाल-आगाशीच्या वाड्यांत शिरले की ती करणारी थोडी घरे अजून आहेत.

सुकेळे म्हणजे उन्हात वाळवलेले राजेळी केळे. बसराई जातीचे केळे त्याला चालत नाही. राजेळीचे झाड उंच, फळ मोठे आणि गर घट्ट, म्हणून ते वाळताना लगदा होत नाही. घड आधी पेंढ्यात दडपून ऊब देऊन पिकवतात. किती पिकवायचे, यातच अर्धे कसब आहे. कच्चे राहिले तर तुरट लागते, जास्त पिकले तर सोलतानाच मोडते. मी पाहिले त्या घरातल्या काकू साल न बघता बोटाने देठाजवळ दाबून फळ निवडत होत्या.

सोललेली केळी अंगणातल्या मांडवावर, जमिनीपासून उंच, एकेक सुटी मांडतात. दिवसभर ऊन आणि वारा. मधूनमधून प्रत्येक केळे हाताने फिरवायचे. खरे काम संध्याकाळी सुरू होते. दव पडायच्या आत सगळी केळी गोळा करून वाळल्या केळीच्या पानांत, सोपटांत गुंडाळून ठेवायची. केवळ दवापासून बचाव एवढाच हेतू नसतो. उन्हाने वरचा थर सुकून कडक होतो, आत मात्र ओल असते. रात्रभर झाकून ठेवले की आतली ओल वर येते, केळ्याला घाम सुटतो, आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन ती ओल घेऊन जाते. हे चुकले तर केळे बाहेरून तयार दिसते आणि आतून आंबते. चांगले ऊन असेल तर साधारण आठवडाभर हा पाठ चालतो. आभाळ आले की सगळ्या घराचा जीव टांगणीला. शेवटी केळे मधाच्या रंगाचे, चिवट पण मऊ होते. त्यात वरून घातलेला साखरेचा कणही नसतो. मग वाळल्या पानांत घट्ट पुडी बांधतात.

केळे आणि ऊन अशीच व्हिएतनामच्या दक्षिण टोकालाही कामाला लागतात. का माउ प्रांतातले त्रान होई गाव वाळवलेल्या केळ्यांसाठी, म्हणजे तिथल्या 'चुओई खो'साठी, प्रसिद्ध आहे. केळ्याची जात वेगळी, 'चुओई श्येम'. तिथे सोललेले केळे दाबून चपटे करतात आणि जाळीवर वाळत घालतात, त्यामुळे ते लवकर सुकते. चांद्र नववर्षाच्या, तेतच्या आधी तिथे कामाची एकच धांदल असते. आपल्याकडे केळे अख्खे ठेवतात, म्हणून दिवस जास्त लागतात, पण आतला गर रसरशीत राहतो. मला आपली रीत सरस वाटते. तरी कोणी हो ची मिन्ह शहरात गेले, तर आल्या-तिळाची चुओई खो जरूर चाखावी. तेवढ्यासाठी बाजारात पायपीट करायला हरकत नाही.

कळंबला यायचे तर पावसाळा सरल्यावर, थंडीत या. सकाळी स्तूप आणि निर्मळ करा, दुपारी जेवणात ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी मागा. वसईच्या ख्रिस्ती घरातल्या जेवणाचा योग आला तर इंद्याल हे आंबट-तिखट कालवण आणि फुग्या हे तळलेले गोल पाव सोडू नका. कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास आलात तर निर्मळची जत्रा असते, तिथे सुकेळ्यांची चौकशी करा. सुकेळे पातळ चकत्या करून खावे, घाईने चावून गिळू नये.

भाव ऐकून मात्र दचकू नका आणि घासाघीस तर करूच नका. राजेळीच्या बागा आता कमी उरल्या आहेत, वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत, आणि प्रत्येक केळे रोज सकाळी मांडून संध्याकाळी गुंडाळणारे हात घरचेच असतात. शक्यतो दुकानापेक्षा करणाऱ्याच्या दारात जाऊन पुडी घ्या आणि पैसे त्यांच्या हातात द्या.